गुरुजी टिकतील, तर शाळा टिकेल

११ जूनला साने गुरुजींचा स्मृतिदिन येतो आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत शाळा उघडतात. रत्नागिरी जिल्ह्यात या सुमारास मृगाचा पाऊस लागलेला असतो. वाडीवरच्या शाळेचे कुलूप निघते, कौलांतून कोठे गळते आहे ते पाहून बाके सरकवली जातात, पहिलीत नाव घातलेली दोन-तीन मुले आईचा पदर धरून दाराशी उभी राहतात. त्या आयांच्या मनात एकच प्रश्न असतो: गेल्या वर्षीचे गुरुजी यंदा आहेत का? मंत्रालयात शिक्षणाची धोरणे आखली जातात, तज्ज्ञांच्या समित्या अहवाल देतात, नवनवे उपक्रम जाहीर होतात. परंतु दारातल्या त्या बाईच्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देता येत नसेल, तर त्या साऱ्याची किंमत किती, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावयास हवा.

शिक्षकाच्या व्यवसायातील आनंदाविषयी बोलण्याचा आपल्याकडे एक ठरलेला दिवस आहे. ५ सप्टेंबरला सत्कार होतात, गुरुमहिम्याची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. हा आनंद भावनेचा विषय मानला जातो. तो सार्वजनिक व्यवस्थेचा विषय आहे असे कोणी मानीत नाही. वास्तविक, शिक्षकाला आनंद कशातून मिळतो हे शोधले, तर शाळा कशावर चालते तेही कळून येते. चार इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या आहेत; तिसरीची मुले पाढे लिहीत आहेत, चौथीतली मुलगी पहिलीच्या मुलाचा हात धरून त्याला अक्षर गिरवून दाखवीत आहे आणि सहा महिने तोंड न उघडलेले एखादे पोर एके सकाळी कोणी न सांगता धड्यातील वाक्य मोठ्याने वाचून दाखविते. त्या क्षणी गुरुजींना जे मिळते ते कोणत्याही वेतन आयोगाला देता येणार नाही. मात्र त्या क्षणाआधीचे सहा महिने गुरुजी त्याच खोलीत असावे लागतात. पोर का बोलत नाही, त्याचा बाप मुंबईला काय करतो, घरी आजीशिवाय कोणी आहे की नाही, हे त्यांना ठाऊक असावे लागते. हापूसचे कलम लावल्यावर फळासाठी काही वर्षे धीर धरावा लागतो, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र दरवर्षी माळी बदलून बाग फुलेल, असे आपण गृहीत धरले आहे.

साने गुरुजी याच जिल्ह्यातील पालगडचे. १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे त्यांनी तुरुंगवास भोगला, विपुल लेखन केले, पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावले. तरी महाराष्ट्राने त्यांना ‘गुरुजी’ याच नावाने ओळखले. या सहा वर्षांत त्यांनी वेगळे काय केले? वर्गातील तास तर सारेच शिक्षक घेतात. गुरुजी छात्रालयात मुलांसोबत राहिले, त्यांच्या खोल्या झाडल्या, कपड्यांच्या घड्या घातल्या, आजारपणात उशाशी बसले आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वहस्ते लिहून काढले. मुलांच्या सहवासात राहणे हीच त्यांची अध्यापनपद्धती होती. असा त्याग प्रत्येक शिक्षकाकडून मागणे अन्यायाचे होईल आणि त्यागाच्या नावाखाली शिक्षकाला कमी वेतनावर राबविण्याची युक्ती नवी नाही. परंतु सहवासावाचून शिक्षण नाही, एवढा बोध तरी घेतलाच पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला किती शिक्षक दिले, याची आठवण या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरू नये. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक शाळामास्तर होते आणि स्वतः लोकमान्यांनी सार्वजनिक जीवनाचा आरंभ १८८० साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवून केला. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या पुत्राने पुढे देशाला राज्यघटना दिली. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे शाळाखात्याच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठविले गेले. याच कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचा डोंगर उचलला. मुरुडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी भेटले होते. गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवावे, सार्वजनिक कामात मुलांना ओढावे, असा त्या गुरुजींचा स्वभाव होता आणि त्यांचे ऋण कर्व्यांनी आत्मवृत्तात मोकळेपणाने मानले आहे. कर्वे घडले, कारण मुरुडसारख्या आडगावी एक सोमण गुरुजी मन लावून राहिले होते. या साखळीतील तो दुवा आज तुटत चालला आहे. ज्या जिल्ह्याने शिक्षक पुरविले, तोच आज शिक्षकांची वाट पाहत बसला आहे.

आणखी एका नावाचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे पेशाने शिक्षकच. शाळेत शिकविता शिकविता त्यांनी अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते विधेयक अतिशय सौम्य होते. तरीही पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. पैसा नाही, लोकांची तयारी नाही आणि गरिबाला मुलाची मजुरी हवी असते, अशा धर्तीचे आक्षेप त्या काळी घेतले जात. त्याआधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, शिक्षकाला प्रतिष्ठेने जगता येईल एवढा पगार द्यावा आणि नांगर धरण्याची लाज न वाटणारा, शेतकऱ्यांत मिसळणारा माणूस शिक्षक म्हणून निवडावा, असे त्यांचे सांगणे होते. फुल्यांनी मागितलेला हक्क कायद्याच्या रूपाने मिळण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. कायदा आला, पण गावात मिसळून राहणारा शिक्षक मिळण्याची तजवीज त्यात कोणी केली नाही.

आता आजची परिस्थिती पाहू. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजार ६९ भरली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असता येथे दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. कर्ता पुरुष मुंबईत, बाई-मुले व म्हातारी माणसे गावात, ही मनिऑर्डरची अर्थव्यवस्था कोकणाने शंभराहून अधिक वर्षे सोसली. १९८२ च्या संपानंतर गिरणी उद्ध्वस्त झाली, मनिऑर्डर आटली, तरी मुंबईची वाट मोडली नाही. उलट पुढच्या पिढीने बायकामुलांनाही सोबत नेले. जे राहिले त्यांच्यापैकी ज्यांना जमले त्यांनी चिपळूण, खेड, रत्नागिरी अशा ठिकाणी खोली घेऊन मुले इंग्रजी शाळेत घातली. वाडीवरच्या शाळेत उरली ती ज्यांना कोठेच जाता येत नाही अशांची मुले. शाळेचा पट घसरला, याचे खापर शिक्षकावर फोडणाऱ्यांनी आधी जिल्ह्याच्या अर्थकारणाचा पट पाहावा.

या उरलेल्या मुलांच्या वाट्याला शिक्षक कसा येतो? जिल्हा परिषदेतील अनेक शिक्षक मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून येथे नेमले जातात. त्यांच्या जिल्ह्यांत जागा नसतात, येथे असतात. मनुष्य नोकरीसाठी येतो, अनोळखी मुलखात पावसाळे काढतो, आणि पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसतो. २०२३ साली अशा बदल्यांनी शेकडो शिक्षक एकदम जिल्ह्याबाहेर गेले, बदली माणसे आली नाहीत, कित्येक शाळा शिक्षकावाचून राहिल्या आणि स्थानिक डी.एड. पदविकाधारकांना तात्पुरत्या मानधनावर नेमून वेळ निभवावी लागली. आदेश निघाला तो कायद्याला धरूनच होता. मुलांचे काय होणार, हे विचारण्याची तरतूद मात्र त्या कायद्यात नव्हती.

याबद्दल शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे; ते योग्य नाही. बीड किंवा परभणीकडचा एखादा तरुण मंडणगडच्या वाडीवर येतो तेव्हा त्याचे आईवडील, बहुधा पत्नीही, पाचसहाशे किलोमीटर दूर असतात. वाडीवर भाड्याची खोली मिळत नाही, मिळाली तर पावसात विजेचा भरवसा नसतो. त्याची बोली निराळी, मुलांची निराळी. तो ‘लेकरं’ म्हणतो, वाडी ‘पोरं’ म्हणते, आणि पुस्तकातील मराठी दोघांनाही परकीच वाटते. एकटी राहणारी शिक्षिका असेल तर या अडचणी दुणावतात. एवढे सोसून त्याला पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून काढावी लागतात. २००० सालापासून चाललेल्या या योजनेत प्राथमिक शिक्षणसेवकाला अनेक वर्षे दरमहा सहा हजार रुपये मिळत होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. पूर्ण शिक्षकाचे काम आणि अपुरे वेतन, याला सेवा म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतनही नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. पोटाची, घराची आणि म्हातारपणाची काळजी ज्याला अष्टौप्रहर सतावते, त्याने मुलांत रमून जावे अशी अपेक्षा करणारा समाज स्वतः मात्र त्या मुलांसाठी काय सोसतो?

शिक्षकाचा वर्गातील वेळही त्याच्या हाती उरलेला नाही. शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे सांगते. प्रत्यक्षात आहाराचा तांदूळ मोजणे, त्याचा हिशेब ठेवणे, निरनिराळ्या संगणकीय नोंदी भरणे, सर्वेक्षणे करणे, छायाचित्रे काढून वर पाठविणे यांतच दिवस सरतो. एकशिक्षकी शाळेत गुरुजी तालुक्याच्या बैठकीस गेले की शाळा बंदच म्हणावयाची. संकटकाळी शिक्षकाने धावून जाणे ही निराळी गोष्ट आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या शाळांची छपरे उडविली, त्या वर्षीच्या टाळेबंदीत तपासणी नाक्यांवर शिक्षक उभे राहिले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा शाळाच निवारा झाल्या. यात कोणा शिक्षकाने कुरकूर केली नाही. कुरकूर आहे ती रोजच्या, निरर्थक कागदकामाविरुद्ध, आणि ती रास्त आहे.

या साऱ्यावर शासनाला सुचलेला उपाय म्हणजे शाळा कमी करणे. वीसपर्यंत पट असलेल्या पंधरा हजारांच्या आसपास शाळा राज्यात आहेत. त्या एकत्र करून समूहशाळा काढाव्यात असा विचार २०२३ पासून मांडला जात आहे. २०२४ च्या शिक्षकदिनीच, ५ सप्टेंबरला, कमी पटाच्या शाळांत एक नियमित व एक कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. त्याविरुद्ध २५ सप्टेंबरला प्राथमिक शिक्षक सामुदायिक रजेवर गेले आणि पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. बारा मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, असा हिशेब यामागे आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा हिशेब कच्चा आहे. शाळा बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो शासनाच्या वहीतून निघून सर्वांत गरीब कुटुंबाच्या वहीत जाऊन बसतो. मुलाला पोहोचवावयास आईची मजुरी बुडते, रिक्षाचे भाडे पडते आणि मुलगी असेल तर बहुधा शाळाच सुटते. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी असा नियम आहे. परंतु नकाशावरचा किलोमीटर आणि सह्याद्रीच्या कुशीतला किलोमीटर यांत एक घाटी, एक वहाळ आणि कित्येकदा मोडका साकव असतो. ज्यांना मुलांसाठी वाहनाची सोय करू असे सांगावयाचे आहे, त्यांनी ती सोय आधी जुलै महिन्यात चालवून दाखवावी. शाळेचा विचार त्यानंतर.

मोठ्या शाळेचे काही लाभ आहेत हे नाकारण्याचे कारण नाही. समवयस्क सोबती, खेळ, ग्रंथालय, विषयवार शिक्षक यांचा लाभ वाडीवरच्या मुलालाही मिळाला पाहिजे. मोठ्या वर्गांसाठी गावे स्वखुशीने एकत्र येत असतील तर आडवे येऊ नये. मात्र सहासात वर्षांच्या मुलांची शाळा चालण्याच्या टप्प्यातच असली पाहिजे आणि ती बंद करण्याचा निर्णय ग्रामसभेच्या संमतीवाचून होता कामा नये.

येथे चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा संप महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या लढ्यात शिक्षक सरकारी कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यातून त्यांच्या आर्थिक स्थैर्याची वाट मोकळी झाली. ते आवश्यकच होते. परंतु त्यानंतरच्या काळात संघटनांचे बळ वेतन, बदली आणि निवृत्तिवेतन यांभोवतीच एकवटत गेले. शाळेत मूल वाचावयास शिकते की नाही, हा संघटनेच्या अधिवेशनातील ठराव होऊ शकला नाही. पालकांच्या मनात शिक्षकाविषयी दुरावा आला तो यामुळे. २०२४ मध्ये शिक्षक रस्त्यावर उतरले तेव्हा वाडीवरची माणसे किती ठिकाणी त्यांच्यामागे उभी राहिली, हे संघटनांनी स्वतःला विचारावे. आणि पक्षकार्यकर्त्यांपैकी किती जणांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, हा प्रश्नही टाळता येणार नाही. ज्या शाळेशी आपला संबंध उरला नाही, तिच्यासाठी केलेले भाषण लोक ऐकून घेतात. त्यावर विश्वास ठेवीत नाहीत.

स्थानिक उमेदवारांना प्राधान्य द्यावे, ही येथील डी.एड. झालेल्या बेरोजगारांची मागणी आहे. तिच्यामागची व्यथा खरी आहे. तथापि निवासाच्या आधारे सरकारी नोकरीत भेदभाव करण्यास घटनेचे सोळावे कलम मनाई करते आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे. शिवाय ‘आमच्या जिल्ह्यात आमचाच’ हे सूत्र मान्य केले, तर मुंबईत पोट भरणाऱ्या कोकणी माणसाने उद्या काय उत्तर द्यावयाचे? समाजवाद्यांनी ही वाट धरू नये. दुसरे मार्ग आहेत. डोंगरी भागातील शाळांसाठी नेमणूक करतानाच ठराविक वर्षांची मुदत आधी जाहीर करावी. ती ज्याला मान्य असेल त्यानेच यावे आणि मुदत संपल्यावर त्याला हव्या त्या जिल्ह्यात जाण्याचा पहिला हक्क द्यावा. बदली शिक्षक प्रत्यक्ष रुजू झाल्याखेरीज कोणालाही कार्यमुक्त करू नये. पतिपत्नी दोघेही शिक्षक असल्यास त्यांना जवळपास नेमावे. केंद्रशाळेजवळ शिक्षकांसाठी, विशेषतः शिक्षिकांसाठी, निवासस्थाने बांधावीत. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, हे कायद्याने दिलेले प्रमाण कोठेही मोडू नये. ‘शिक्षणसेवक’ हे पदच रद्द करावे. हे सारे करावयास पैसा लागेल. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले; २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा सांगितले; सरकारे आली-गेली तरी तो आकडा अजून गाठला गेला नाही. १९१२ साली गोखल्यांना मिळालेले उत्तर आणि आजचे उत्तर यांत भाषेपलीकडे फारसे अंतर नाही.

कार्यकर्त्यांना आजच करता येण्याजोगे काम याहून लहान आहे, पण दुर्लक्षिण्यासारखे नाही. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती सहीपुरती उरली आहे. तिची बैठक खरोखर भरविणे, शाळेत किती शिक्षक मंजूर आहेत व किती हजर आहेत याचा फलक ग्रामपंचायतीत लावणे, परगावाहून आलेल्या शिक्षकासाठी वाडीवर चांगली खोली पाहून देणे, अशैक्षणिक कामाचा बेकायदा आदेश आला तर गावाच्या नावाने लेखी हरकत घेणे, एवढे तरी प्रत्येक गावी होऊ शकेल. परमुलखातून आलेल्या गुरुजींना गणपतीत आणि शिमग्यात जो गाव आपल्या घरी जेवावयास बोलावतो, त्या गावातून त्यांचा पाय सहज निघत नाही. शिक्षक गावाचा होणे ही गोष्ट शासननिर्णयाने घडत नाही; ती गावाने घडवावयाची असते.

साने गुरुजींना आदरांजली वाहण्याचे कार्यक्रम यंदाही झाले असतील. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी या पावसाळ्यात एकदा तरी जवळच्या वाडीवरची शाळा गाठावी, मागच्या बाकावर तासभर बसावे, आणि निघताना तेथील गुरुजींना वा बाईंना विचारावे की, पुढच्या जूनमध्ये तुम्ही येथे असाल काय? ‘असेन, राहावेसे वाटते’ असे उत्तर मिळेल अशी परिस्थिती निर्माण करणे, हे पुढील वर्षभराचे काम आहे.